पहिलीच्या आधीची तीन वर्षे

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि पहिलीच्या वर्गात पंचवीस-तीस मुले येऊन बसतात. हजेरीपटावर सगळी एकाच इयत्तेची. प्रत्यक्षात एखादे मूल अंगणवाडीत तीन वर्षे गाणी-गोष्टींत रमून आलेले असते, दुसरे ‘मोठ्या गटा’त वह्या भरून आलेले, तिसरे उसाच्या फडावरून थेट वर्गात आलेले. कुणाच्या घरी कोरकू बोलतात, कुणाच्या घरी वारली, आणि बाईंची पुस्तकी मराठी त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडते. वयेही सारखी नसतात. २०१९ मध्ये ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाने देशातल्या २६ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात चार ते आठ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. पहिलीतली निम्म्याहून कमी मुले नेमकी सहा वर्षांची निघाली. बाकीची एक तर चार-पाच वर्षांची होती, नाहीतर सात-आठ.

आणि एखादे मूल वर्गात दिसतच नाही. त्याला नीट ऐकू येत नाही, ते अजून बोलत नाही, किंवा त्याला उभे राहता येत नाही. ते घरी आजीजवळ असते. ‘थोडं सुधारलं की पाठवू’ असे घरच्यांचे ठरलेले असते आणि त्यात वर्षे निघून जातात.

बालशिक्षणाची चर्चा बहुधा पहिल्या प्रकारच्या मुलांपाशी थांबते. ही प्रस्तावना दोघांनाही एकत्र धरून लिहिली आहे, कारण तीन ते सहा या वयात त्यांना लागणाऱ्या गोष्टी फारशा वेगळ्या नाहीत. खेळ, सवंगडी, कुणीतरी बोलणारे आणि ऐकणारे मोठे माणूस, हातांना भरपूर काम आणि घरचा विश्वास. फरक इतकाच, की एका मुलाला यातले बरेचसे न मागता मिळते आणि दुसऱ्यासाठी ते जाणीवपूर्वक उभे करावे लागते. उभे करण्याचे काम एकट्या शिक्षिकेचे नाही, एकट्या आईचेही नाही. दोघींनी ते मिळून केले तरच मूल आणि शाळा एकमेकांसाठी तयार होतात. युनिसेफने शाळापूर्व तयारीचा विचार मांडताना तिचे तीन भाग सांगितले आहेत: मूल तयार, शाळा तयार, कुटुंब तयार. आपल्याकडे पहिल्या भागाची इतकी घाई असते, की उरलेल्या दोहोंची आठवण प्रवेशाचा अर्ज भरून झाल्यावर होते.

महाराष्ट्राला हा विचार बाहेरून आणावा लागला नाही. ताराबाई मोडक भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांसोबत काम करून आल्या होत्या. माँटेसरींची साधने त्यांनी जवळून वापरली होती, आणि ती साधने इथल्या गरीब घरांना परवडणार नाहीत हेही त्यांनी पाहिले होते. १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ तिथेच त्यांच्यासोबत आल्या. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले.

बोर्डीत पहिली अडचण आली ती मुले न येण्याची. मध्यवर्ती बालवाडी होती, पण वस्तीवरची मुले तिथवर पोचत नव्हती. आईवडील पहाटे कामाला जात, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसे. ताराबाई-अनुताईंनी पालकांना दोष देण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांची आंघोळ, नखे, केस. मग शिंपले, खडे, बिया, पाने, फुले घेऊन मोजणे, जुळवणे, रांगा लावणे. आया दारातून पाहत असत. आपल्याच अंगणातल्या चिंचोक्यांनी पोर शिकते आहे, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. कोसबाडला तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकट्याची सोय झाली की थोरली शिकायला मोकळी होते, हे साधे गणित त्यामागे होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली गेली.

या साऱ्यात एक क्रम दिसतो. आधी मुलाची अडचण पाहायची, मग तिच्याभोवती शाळा बसवायची. समावेशक शिक्षणावरचे आजचे जाडजूड ग्रंथ वेगळे काही सांगत नाहीत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रात तिची सुरुवात मेळघाटातल्या धारणीत आणि मुंबईच्या धारावीत झाली. आज राज्यात या योजनेच्या एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. योजनेच्या सहा सेवा अंगणवाडी सेविकांना तोंडपाठ असतात: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. शाळापूर्व शिक्षण यादीत आहे, पण खिचडी, वजनकाटा, नोंदवह्या आणि आता पोषण ट्रॅकर यांतून उरलेल्या वेळात ते बसवावे लागते. अपंग बालकाचा स्वतंत्र उल्लेख या सहांत कुठेच नव्हता. योजना सर्व बालकांसाठी आहे म्हणजे त्यात तेही आले, असे गृहीत धरले गेले.

हे गृहीतक किती पोकळ होते ते डॉ. मिथू अलूर यांनी दाखवून दिले. १९७२ मध्ये मुंबईत कुलाब्याला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी केंद्र काढून त्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची सुरुवात केली होती. नव्वदच्या दशकात त्यांनी लंडन विद्यापीठात संशोधनासाठी विषय घेतला तो याच योजनेचा. कागदावर सर्वांसाठी असलेल्या अंगणवाडीत अपंग मूल प्रत्यक्षात येत नाही आणि ते येत नाही याची नोंदही होत नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. ‘इनव्हिजिबल चिल्ड्रन’ या नावाने तो पुस्तकरूपाने आला. त्यांच्या संस्थेने पुढे मुंबईच्या वस्त्यांत, धारावीतही, अपंग आणि इतर मुलांना एकाच बालवाडीत बसवून पाहिले. ज्या धारावीत सरकारची योजना आली होती, तिथेच तिची उणीव भरून काढण्याचे काम झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नोंद न होणे म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात शून्य ते सहा वयोगटातली अपंग मुले सुमारे २० लाख ४२ हजार नोंदली गेली, म्हणजे त्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम सव्वा टक्का. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इनक्लेन’ या संशोधन संस्थेच्या अभ्यासात संशोधकांनी पाच ठिकाणी प्रत्यक्ष मुले तपासली. त्यातले एक ठिकाण उत्तर गोवा होते. दोन ते सहा वयाच्या मुलांत नऊ टक्क्यांच्या आसपास मुलांना दृष्टी, श्रवण, बोलणे, हालचाल, बौद्धिक वाढ, स्वमग्नता, फिट्स यांपैकी किमान एक तरी अडचण आढळली. दोन्ही मोजण्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. तरीही एक गोष्ट निश्चित. दारात आलेल्या प्रगणकाला ‘घरात कुणी अपंग आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर देताना तीन वर्षांच्या, अजून न बोलणाऱ्या मुलाची आई ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ते उशिरा बोलणारे मूल असते. त्याचा बाबाही उशिराच बोलला होता, असे आजी सांगते. युनेस्कोच्या २०१९ च्या भारतविषयक शिक्षण अहवालाने पुढचे पाऊल दाखवले: पाच वर्षांच्या अपंग मुलांपैकी तीनचतुर्थांश मुले कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नाहीत.

या वयात वाया गेलेला वेळ नंतर पुरता भरून निघत नाही. ऐकण्याचेच उदाहरण घ्या. जन्मतः बहिऱ्या मुलाला, अपंगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळायचे तर वय पाचच्या आत असावे लागते, कारण भाषा ग्रहण करण्याची मेंदूची तयारी त्यानंतर ओसरू लागते. सहाव्या वर्षी पहिलीच्या बाईंच्या लक्षात आले, तोवर ती दारे बंद झालेली असतात. तेच मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत आले असते, सेविकेने पाठीमागून खुळखुळा वाजवून पाहिला असता, वळले नाही म्हणून नोंद केली असती, तर त्याचा पुढचा सगळा रस्ता बदलला असता. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची असते, आणि अडचण आढळलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे असते. पण पथक अंगणवाडीत येते. घरी ठेवलेले मूल त्याला दिसत नाही.

म्हणून पहिले काम मुलाला अंगणवाडीत आणण्याचे. त्यानंतरचा प्रश्न सेविका नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे: ‘आणलं, पण त्याला करायचं काय?’

एक सकाळ जवळून पाहू. सेरेब्रल पाल्सी असलेली चार वर्षांची मुलगी. तिला मांडी घालून बसता येत नाही, मान एका बाजूला जाते. सतरंजीवर आईच्या मांडीत बसवली तर हात मोकळे होत नाहीत, आणि आई गेली की ती आडवी. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती मिळतात तिथे तिला बसवायचे, दोन्ही बाजूंना वाळू भरून शिवलेल्या पिशव्या ठेवायच्या, पुढ्यात लाकडी पाट उलटा घालून त्याचे टेबल करायचे. पाठीला भिंत मिळाली की मान सावरते आणि मान सावरली की हात पुढे येतात. आता पाटावर चिंचोके ठेवले तर ती ते वाटीत ढकलू शकते. शेजारच्या मुलांना गोलात बसण्याची सवय असेल तर गोलच त्या कोपऱ्याकडे सरकवायचा. मुलीला उचलून गोलात न्यायचे नाही. गाण्यातल्या टाळ्या तिला जमत नसतील तर पाटावर तळहात आपटायचा. इतर मुलेही लवकरच पाट आपटू लागतात, कारण त्यात जास्त मजा असते. या सगळ्याचा खर्च दोन पिशव्या वाळूचा. बाकीचे ज्ञान फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावे लागते, आणि ते आईला येत असेल तर सेविकेला शिकवायला आईच पुरते.

गोलात न बसणाऱ्या, कानांवर हात ठेवणाऱ्या, रोज त्याच एका खिडकीपाशी जाणाऱ्या स्वमग्न मुलाचे वेगळे असते. त्याला दिवसाचा क्रम कळला की त्याची निम्मी अस्वस्थता जाते. आधी हात धुणे, मग गाणे, मग खेळ, मग खाऊ, मग घर. हा क्रम चित्रे काढून भिंतीवर लावला की तो त्याला उपयोगी पडतोच. शिवाय नवे आलेले, आईसाठी रडणारे मूलही त्या चित्रांकडे बोट दाखवून ‘खाऊनंतर घर’ असे स्वतःला समजावते. अडचण असलेल्या मुलासाठी केलेली सोय सगळ्या वर्गाला उपयोगी पडते, हा अनुभव समावेशक बालवाड्या चालवणाऱ्यांना वारंवार येतो.

पालक सोबत नसतील तर यातले काही टिकत नाही. मूल अंगणवाडीत तीन-चार तास असते, उरलेला दिवस घरी. जगभरच्या अभ्यासांतला सगळ्यात बोलका पुरावा याच बाबतीतला आहे. १९८६-८७ मध्ये जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या, वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांवर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी काम सुरू केले. त्यांपैकी काही मुलांच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दोन वर्षे, आठवड्यातून एक तास जात असे. ती मुलाला शिकवत नसे. घरातल्या वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे ती आईला दाखवी आणि पुढचा आठवडा आईच्या हाती सोपवी. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी कुणी गेले नव्हते अशा तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावी १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी बालवाडीचा दाखला अर्थतज्ज्ञ नेहमी देतात. तिथेही शिक्षिका दर आठवड्याला दीड तास प्रत्येक मुलाच्या घरी जात होत्या. अहवालांचा सारांश सांगताना ही घरभेट नेमकी गळते आणि राहते ती फक्त बालवाडी.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाची बालकेंद्रे आज जगभरचे शिक्षणतज्ज्ञ पाहायला जातात. त्यांची सुरुवात पालकांनी केली. १९४५ मध्ये, दुसरे महायुद्ध संपताच, जवळच्या व्हिला चेला गावातल्या लोकांनी सैन्याने मागे टाकून दिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून स्वतःच्या हातांनी बालशाळा बांधायला घेतली. तरुण शिक्षक लोरिस मालागुझी ते पाहायला गेले आणि तिथेच गुंतले. त्या शहराच्या बालशाळांत प्रवेश देताना अपंग मुलांना अग्रक्रम मिळतो, आणि शाळेच्या कारभारात पालक बसतात. पैसा, साधने, शिक्षकांची संख्या यांत त्यांची आणि आपल्या अंगणवाडीची तुलना होणार नाही. मात्र ज्या शाळेची वीट पालकांनी रचली, तिथे त्यांना ‘सहभागी करून घ्यावे’ लागत नाही, एवढे तिथून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातही गेल्या काही वर्षांत या दिशेने चांगले काम झाले आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि राज्याची एकात्मिक बालविकास सेवा योजना यांच्या ‘आरंभ’ कार्यक्रमात सेविका पालकांना तीन वर्षांखालच्या मुलांशी खेळायला, बोलायला शिकवतात आणि गावात पालक मेळावे भरवतात. २०२२ पासून शालेय शिक्षण विभागाचे ‘शाळापूर्व तयारी अभियान, पहिले पाऊल’ आहे. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी शाळेतच मेळावा भरतो. नोंदणीनंतर मूल आईबाबांसोबत एकेका टेबलापाशी जाते. एका ठिकाणी दोरीवरून चालायचे, दोरा ओवायचा. पुढे वस्तूंचे वर्गीकरण करायचे, चित्र पाहून बोलायचे, लहान-मोठे ओळखायचे. शेवटच्या टेबलावर पालकांशी बोलणे होते. मुलाचे विकासपत्र भरून आईच्या हाती दिले जाते. सुट्टीत वस्तीवर मातांचे गट होतात, त्यांच्या मोबाईलवर घरी करायच्या कृती येतात, आणि जूनमध्ये दुसऱ्या मेळाव्यात मूल किती पुढे आले ते आई स्वतः पाहते.

या अभियानाचे मोठेपण माता गटात आहे. भाजी निवडताना शेंगा मोजायच्या, कपड्यांच्या घड्या घालताना जोड्या लावायच्या, हे फार शिकलेल्या बाईला जमते आणि अजिबात न शिकलेल्या बाईलाही. आपण निरक्षर आहोत म्हणून मुलाच्या शिक्षणात आपला काही उपयोग नाही, असे मानून मागे उभी राहिलेली आई इथे पुढे येते. उणीव आहे ती दोन ठिकाणी. एक, गटात बाबा क्वचित असतात. मेळावा बाजाराच्या दिवशी किंवा दुपारी ठेवला तर येणारच कोण? संध्याकाळी ठेवून पाहायला हवा. दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. विकासपत्रावर ‘येते’, ‘मदतीने येते’ असे भरताना अपंग मुलाच्या आईच्या हाती नकारांचा कागद पडू शकतो. सगळ्या गावासमोर, शेजारणींच्या मुलांबरोबर. ती पुढच्या मेळाव्याला मग येत नाही. त्या मुलाच्या पत्रात त्याचे स्वतःचे पुढचे पाऊल लिहायला हवे: आज आधाराने बसते, जूनपर्यंत दहा मिनिटे बसेल. त्यासाठी मेळाव्याआधी शिक्षिकेने त्या आईच्या घरी जाऊन येणे गरजेचे आहे.

पालकांचा सहभाग म्हटला की सगळे गोड बोलतात, पण त्यात मतभेदही येतात आणि ते टाळता येत नाहीत. तीन वर्षांच्या मुलाचे बाबा विचारतात, ‘लिहायला कधी शिकवणार?’ पलीकडच्या इंग्रजी नर्सरीत वह्या भरतात, इथे नुसते खेळतात. चौथ्या वर्षी मूल अंगणवाडीतून काढून तिकडे घालणारी घरे प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल कोंबणे चुकीचेच आहे. मनगटाची हाडे आणि बोटांचे स्नायू त्या कामाला तयार नसतात. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४ हजार मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी बहुतेक मुलांची शाळेसाठीची तयारी अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी होती, मग ती अंगणवाडीतली असोत की फी भरून जाणारी. तरीही त्या बाबांच्या प्रश्नाला हसू नये. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी शाळेत जाते आहे, त्या घराला शिक्षण दिसते ते फक्त भरलेल्या वहीत. मूल मातीचे गोळे वळते तेव्हा त्याची तीच बोटे लिहिण्यासाठी तयार होतात, हे पालकांना अर्धा तास शेजारी बसवून, त्यांच्या हातात माती देऊन दाखवावे लागते. सूचनाफलकावर लिहून ते कळत नाही.

दुसरा मतभेद अधिक बोचरा असतो. ‘त्या मुलाला आमच्या मुलाशेजारी बसवू नका, आमचंही तसंच होईल.’ असे म्हणणारे पालक दुष्ट नसतात, घाबरलेले असतात. सेविकेने एकटीने हा वाद अंगावर घेऊ नये. आशा कार्यकर्ती, आरोग्य पथकातले डॉक्टर, शाळेचे मुख्याध्यापक यांच्यासमवेत पालक सभेत ते बोलले जावे: सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बहिरेपणा या संसर्गाने पसरणाऱ्या गोष्टी नाहीत. आणि ते सांगताना त्या मुलाची आई सभेत मान खाली घालून बसलेली नसावी. मूल कसे हसते, काय खाते, कशाला घाबरते, हे तिला सांगू द्यावे. शेजारणी तिचे बोलणे ऐकतात तेव्हा भीती कमी होते, असे अनेक सेविकांनी पाहिले आहे.

फडावर जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून अवघड आहे. बीड, अहिल्यानगर, नाशिककडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आसपास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तीन ते सहा वयाच्या मुलाची म्हणजे तीन वर्षांतली निम्मी अंगणवाडी फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत जाते. पालघर-ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या, साखर कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. लहानग्यांसाठी, आणि त्यातही अपंग लहानग्यांसाठी, अशी सोय जवळपास नाही. अशा मुलाला आई फडावर नेऊ शकत नाही, म्हणून त्याला गावी आजीकडे ठेवते. त्याची अंगणवाडी चुकत नाही, पण सहा महिने आई चुकते. इथे पालक-सहभागाचा अर्थ आजीचा सहभाग असा होतो, आणि आपल्या कुठल्याच नमुना-पत्रकात आजीचा रकाना नाही.

कायद्यात तीन ते सहा वयाची मुले अजून अर्धवट उभी आहेत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच कलम ४५ सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ त्याच सुरात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले, लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षण दिले. पुन्हा सहा! ज्या वयात मदतीचा सर्वाधिक उपयोग होतो, ते वय शिक्षणाच्या हक्काच्या बाहेर राहिले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, हे त्यातल्या त्यात मोठे पाऊल. महिला व बालविकास मंत्रालयाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळख, कुटुंबाला बळ देत मुलाचा समावेश आणि योग्य ठिकाणी पाठवणी, अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. १९७५ नंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी का होईना, अंगणवाडीच्या कामात अपंग मुलाचे नाव आले.

कार्यपद्धती राबवणार ती मानधनावर काम करणारी सेविका. तिच्यावर आणखी एक जबाबदारी टाकताना सरकारने तिला तीन गोष्टी द्यायला हव्यात: तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष मुलांसोबतचे प्रशिक्षण, नोंदींच्या कामातून सुटका आणि जिल्ह्याच्या केंद्रातून अंगणवाडीत नियमित येणारा विशेष शिक्षक. यांतले काहीच न देता फक्त पुस्तिका पाठवली, तर ती कपाटात जाईल आणि दोष तिच्यावर येईल.

पालक, सेविका आणि पहिलीचे शिक्षक यांनी हा विषय एकत्र वाचावा, निदान एकमेकांच्या बाजूने वाचावा, अशी ही प्रस्तावना लिहिताना इच्छा आहे. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे, की दीड वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नसेल, तर ‘होईल उशिरा’ म्हणून थांबू नये. अंगणवाडीताईंना सांगावे, आरोग्य पथकाकडून तपासून घ्यावे. शिक्षकांनी पहिलीत आलेल्या मुलाला काय येत नाही याची यादी करण्याआधी त्याच्या सेविकेला एकदा भेटावे. ती त्याला तीन वर्षे ओळखते. आणि गावातल्या ज्या घरात पाच वर्षांचे मूल दिवसभर आत असते, ते घर शेजाऱ्यांना माहीत असतेच. या आठवड्यात त्या घरी जा, त्याच्या आईशी बोला आणि तिला सोबत घेऊन अंगणवाडीपर्यंत चालत या.